उणे पाच

मे महिना. खराडीतल्या मॉलच्या तळघरात
तांबोळी बर्फाची तोफ पुसतो.
बाहेर एक्केचाळीस, आत उणे पाच,
मधलं सगळं अंतर विकत घेतलेलं.
पाणी : वाघोलीचा टँकर, दहा हजार लिटर,
भाव रोज नवा, पावती कच्ची.
वीज : बिलावर बघावी, मोठ्याने वाचू नये.
तिकीट तासाला सहाशे, कोट धरून;
हातमोज्यांचं भाडं वेगळं.

"चाळीस पोरं आली तरच थंडी परवडते,"
केदारीबाई गल्ल्यावरून म्हणतात.
आज अकरा.

रात्री बुटांनी मळलेला बर्फ खरवडून
तांबोळी मागच्या दाराशी ओततो.
वॉचमनची बायको बादली घेऊन उभीच असते,
वितळायची वाट बघत.
भांड्यांपुरतं होतं तिचं.

वहीत तो लिहितो : घट.