जुलैतली ओळख

मात्सालूच्या खाडीत जुलैमध्ये
सगळीच रानबदकं मातकट.
एप्रिलात हे काम पोरखेळ होतं म्हणे:
हिरवं डोकं, गळ्याला पांढरी रेघ,
शेपटीवर मुरडलेली काळी पिसं,
की लिहून मोकळं व्हायचं: नर.
आता त्या मुरडी कुठेतरी पाण्यावर तरंगत गेल्या,
पंखांतली मोठी पिसंही गळाली,
उडता न येणारे नर बसलेत
लव्हाळ्यात दबून,
माद्यांचे कपडे घालून.

लेइदा एकेक पाखरू पोत्यातून काढते,
डोकं कोपराकडे करून काखेत धरते.
"काय?"
मादी, मी म्हणते.
"चोच बघ. पिसं कुणालाही फसवतात."
चोच शेवाळी पिवळी, पिकू लागलेल्या लिंबासारखी.
नर.
पुढची नारिंगी, वर कॉफी सांडल्यासारखे डाग.
मादी.
त्यापुढच्याने लेइदाच्या मांडीवर शिटून ठेवलं,
तीही वेळ तिने वहीत टिपून घेतली.

आणि अंधारात?
"अंधारात ऐकायचं. गावभर ओरडते ती बाई.
नराचा घसा बसलेला असतो.
एंडेलचा बसलेला असायचा, तसा."

एंडेल मार्चमध्ये गेला, बर्फ फुटायच्या आधी.
त्याचा तपकिरी कोट तिच्या अंगात आहे,
बाह्या दोनदा दुमडलेल्या,
खिशात त्याचीच पक्कड.
तिनेच ती बदकांच्या पायात कडी आवळते,
एकदा बोटाने फिरवून बघते, सैल आहे ना.

धुकं विरताना पलीकडून आर्वेदची होडी आली.
"एंडेल! मासे हवेत का?"
शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत हा होता.
हाक तोंडातून गेली
आणि वल्हं हवेतच राहिलं.
पाणी ठिबकत होतं त्याच्यावरून.

लेइदाने हात वर केला.
"हवेत," म्हणाली,
खालच्या, बसक्या आवाजात.

मासे माझ्या हाती देताना
आर्वेदने हळूच काहीतरी विचारलं.
त्यांच्या भाषेत तो आणि ती मिळून एकच शब्द, ता.
ता जेवतो का,
ता जेवते का,
मी मराठीत अडकले,
आणि नुसती मान हलवली.

रात्री नोंदी उतरवताना, म्हणजे उजेडातच,
एका रकान्यापाशी थांबले.
चुलीपाशी लेइदा खवलं काढत होती,
कोट अंगातच.