‘प्र’चा खण

महादेवीबाई पटणे कन्याशाळेत शिवण शिकवायच्या
आणि दर मार्चात एक कादंबरी आणून द्यायच्या.
हस्तलिखिताला टाचणी नसायची, टाके असायचे,
दुहेरी दोऱ्याचे, काजं केल्यासारखे घट्ट.
मी ते उसवायचो, पान पान सुटं करायचो
आणि केसपुढं उभा राहायचो.

उदगीर, चौबाऱ्यामागं, ट्रेडल मशीन एक,
मालक गंगाधरआप्पा, कंपोझिटर मी, गौस.
बाप माझा कातिब. पिवळ्या कागदावर बोरूनं उर्दू लिहायचा,
ॲक्शननंतर त्याची शाई दौतीतच वाळली.
मराठी मी शाळेत शिकलो नाही. बोटांनी शिकलो,
शिशाची, उलटी.
त्यामुळं बाईंचे सगळे नायक
मला आधी डोक्यावर उभे भेटले.

नायक महाबळेश्वरचा. बंगला, धुकं, घोडा, कॉफी.
बाई बिदरच्या पुढं कधी गेल्या नव्हत्या.
“धुकं कसं असतंय, बाई?” मी एकदा विचारलं.
म्हणाल्या, “दूध भुकटीच्या कारखान्याचं फाटक उघडल्यावर
येतंय ना पांढरं पांढरं, तसं. पण महाग.”

वर नाव ‘मीनल’. अकराशे प्रती.
लातूर, अहमदपूर, देगलूर, निलंगा,
लायब्रऱ्यांत आठ आणे महिना.
परत आलेल्या प्रतींत काय काय सापडायचं:
मेंदीचा डाग, बसचं तिकीट, शेंगेचं टरफल,
एकीत पेन्सिलीनं, “पान ९२ परत वाच, विमल.”
हेडबाईंनी मेमो दिला. उत्तर गेलं,
मीनल नावाच्या कुणालाही मी ओळखत नाही.
सही, म. बा. पटणे.

एकोणऐंशीत तेरावी. शेवटचं प्रकरण.
एका पानात ‘प्रेम’ अकरा वेळा
आणि ‘प्र’चा खण रिकामा.
लग्नपत्रिकांच्या ‘सप्रेम’मधलेही काढून झालेले.
आठ पानं मशीनवर आवळलेली, मोटारीला लाईट नाही,
ती छापून सुटेपर्यंत एक ‘प्र’ मोकळा होणार नव्हता.
मी शाळेत निरोप धाडला,
“बाई, प्रेम संपलंय. बेस्तरवारपर्यंत मिळायचं नाही.”

आल्या. कागदाच्या रिमावर बसल्या.
“काय करूलालाव गौसभाई, ऐन शेवटाला?”
मग पेन्सिल. खोड, खोड, दातात धर, परत खोड.
तासाभरानं पान हातात दिलं.
त्यात ती दारात उभी राहून विचारते, “जेवलास का?”
तो सकाळपासून उपाशी, म्हणतो, “हो.”
आणि ती ताट वाढायला घेते.
एवढंच. खाली अर्धं पान कोरं.

आप्पा म्हणाले, कागद वाया.
देगलूरनं पन्नास प्रती माघारी पाठवल्या, चिठ्ठीसकट:
शेवट छापायचा राहिलाय.
बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या नायकाला
त्यांनी महाबळेश्वरहून खाली उतरवलं,
कारखान्यात रात्रपाळीला लावलं, पापण्यांवर भुकटी.
तो सातशे खपला. नंतरचा पाचशे.
मग घरोघरी टीव्ही.
एकोणिसावी शिवलेलीच राहिली,
मी उसवली नाही.

ऑफसेट आलं तेव्हा आप्पांच्या पोरानं टाईप मोडीत काढला.
भंगारवाला खण पालथे करत होता,
क, ख, काने, वेलांट्या, सगळं एका पोत्यात.
‘प्र’ झिजून चपटे, त्यांना तोंडच उरलं नव्हतं.
बाई पेन्शनच्या कागदासाठी चौबाऱ्यात आलेल्या,
उन्हाची छत्री मिटून दारात थांबल्या.
पोत्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं.
“जेवलाव का, गौसभाई?”

अडीच वाजलेले. डबा खुंटीला तसाच.
“हो,” म्हणालो.

काट्यावर एकशे बेचाळीस किलो भरलं.