मागची कोरी बाजू

सिन्यायेविनाच्या पठारावर जूनमध्येही
खळग्यांत बर्फ उरतो.
स्तामेनाचं फळ्यांचं झोपडं तिथंच,
दारात लाकडी परात, परातीत कालचं दूध,
वर बोट बुडेल एवढी साय.
कानाचे पिवळे बिल्ले आणि फॉर्म घेऊन
मी चार तास चढून गेले होते.
ती म्हणाली, आधी बस. पाणी पी. मग सरकार.

गाय बुशा जातीची. माझ्या कमरेपेक्षा जराशी उंच,
वशिंड नाही, कास ओंजळीएवढी,
आणि खूर असे
की शेळी थबकते तिथून ही पुढे जाते.

रंग: गव्हाळ, तोंडाभोवती फिकट.
दूध: "तिला वाटेल तेवढं."
मी चार लिटर लिहिलं.
आई: "रुमेन्या."
आईची आई: "झेकुल्या."
रकाने तिथं संपले. स्तामेना संपली नाही.

झेकुल्याची आई गाल्या, काळीभोर.
मोठ्या परदेशी वळूकडे न्या, असा हुकूम आला
तेव्हा सासूनं तिला गुहेत बांधली, अठरा दिवस,
आणि साहेबाला सांगितलं, लांडग्यानं नेली.
तो खिंडीपलीकडे गेला आणि मगच ती हंबरली.
"त्याच्यापेक्षा अक्कल होती तिला."
गाल्याची आई यागोदा,
लढाईत जिच्या पाठीवरून
दोन पोरं आणि एक शिवणयंत्र
बर्फातून पार झालं.
पोरं पुढं परदेशी गेली. यंत्र अजून चालतं.
यागोदाची आई शारूल्या, एकशिंगी, मारकी,
तिची आई...
मी कागद उलटा केला
आणि लिहीत राहिले.

बाप? हाही रकाना होता.
"त्या साली डोंगरावर जो वळू होता तो,"
आणि हसली. पुढचे दात नव्हते.

आमच्यात माणसांचं नेमकं उलटं.
माझ्या वडिलांना बारा पिढ्या पाठ आहेत,
वुकोताचा मिलोन्या, मिलोन्याचा रादोये,
लग्नात, मयताला, दुसऱ्या पेल्यानंतर
घडाघडा म्हणतात.
त्यात एकही बाई नाही,
जणू बारा पुरुष एकामागून एक
खडकातून फुटून आले.

"तू कुणाची?"
मी वडिलांचं नाव सांगितलं.
"तसं नाही गं. आईकडून."
द्रागिन्या. तिची आई क्रस्तिन्या.
तिची आई
बाहेर गाय दावं ओढत होती.
स्तामेना थांबली,
मग उठून परातीतली साय काढू लागली,
माझ्याकडे न बघता.

बिल्ला टोचला. रक्ताचा एक थेंब,
तो मी काचनळीत घेतला.
गाय फक्त कान झटकून चरायला गेली.

उतरताना, जिथं फोन लागतो त्या वळणावर,
आईला विचारलं,
तुझ्या आजीचं नाव काय होतं?
ती जरा वेळ गप्प.
मग म्हणाली,
का गं, कुणी वारलं का?