खेपा

सकाळी रायबंदरच्या धक्क्यावर चहा घेतला नाही.
गाड्यावरच्या जेसिंताने विचारले, उपास?
म्हटले, रक्त द्यायचेय.

लॅबमधल्या पोरीने दोन नळ्या भरल्या.
एक साखरेची, नेहमीची.
दुसरी इन्सुलिनची,
डॉक्टर कुंकळ्येकरांनी चिठ्ठीच्या तळाशी
मागाहून लिहिलेली.

संध्याकाळी कागद आला. साखर एकशे चार.
काठावर, ते म्हणाले.
काठ मला ठाऊक आहेत, दोन्हीकडचे.
मग दुसऱ्या आकड्यावर पेन टेकवून थांबले.
सव्वीस.

साखर थोडीच, मग हे एवढे कशाला?
विचारता विचारता मलाच दिसले.
एकतीस वर्षे चोडणच्या फेरीबोटीवर
दोर टाकतोय मी.
फेस्ताच्या दिवशी जादा बोट लावतो,
जेवायलाही उतरत नाही,
नुसत्या खेपा, खेपा,
आणि धक्क्यावरचा माणूस घड्याळ बघत म्हणतो,
आज काही गर्दी नाही बुवा.
रांग सगळ्यांना दिसते.
खेपा इंजिनाला ठाऊक.

डॉक्टर हसले.
म्हणाले, ही तपासणी सगळ्यांना लागत नाही,
आकड्यावरून आमच्यातही वाद आहेत.
पण तुमच्याकडे अजून वेळ आहे.
चाला. भात निम्मा करा.
तीन महिन्यांनी पुन्हा दोन्ही नळ्या.

शेवटच्या फेरीला कठड्याशी उभा राहिलो.
पायांखाली डिझेलची थरथर.
पोटावर हात ठेवून पाहिला,
आत काहीच वाजत नव्हते.

स्कूटर धक्क्यावरच ठेवली.
घरापर्यंत चालत गेलो,
मेव्हणीने दिलेला दोदोलचा डबा
या हातातून त्या हातात घेत.