थंड फेरी

शहर मी विकत घेतलेलं नाही.
कुणीकुणी फुकट, रात्री जागून, ठिपक्याठिपक्यानं आखलेलं,
लागेल त्यानं घ्यावं म्हणून ठेवलेलं इंदूर
मी दुपारी उतरवून घेतलं. बत्तीस मिनिटं लागली;
विजयनगरच्या चौथ्या मजल्यावर नेट असंच.

तक्ते चार. बिंदू, रेषा, नावं,
आणि कोणता बिंदू कोणत्या रेषेवर ते सांगणारा एक लांबलचक.
रस्ता म्हणजे ओळीनं लावलेले आकडे,
वळणापाशी दाट.
आडा बाजारात तर नुसती खिचडी.

प्रश्न सोपा: कुठला रस्ता कुठल्याला भेटतो?
उत्तर मला नकोच आहे.
उत्तराला वेळ किती लागतो, तेवढं हवं.

पहिली फेरी एकेचाळीस सेकंद.
दुसरी तीन.
मुर्तजा म्हणाला, दुसरी खोटी,
त्याला वाट आठवत होती.
खरं मोजायचं तर दर फेरीआधी
शहर विसरायला लाव त्याला.

लावलं.
यंत्र बंद, पुन्हा चालू, पुन्हा परकं,
आत्ताच सरवट्यावर बसमधून उतरल्यासारखं,
हातात पत्त्याची चिठ्ठी
आणि रिक्षावाला तीनशे सांगतोय.
एकेचाळीस. बेचाळीस. एकेचाळीस.

एकदा चुकून नावावरून जोडलं
तर मुसाखेडीची गली नंबर दोन
बाणगंगेच्या गली नंबर दोनला जाऊन मिळाली,
ती परदेशीपुऱ्याच्या,
शहरातल्या यच्चयावत दोन नंबरच्या गल्ल्या
एकमेकींच्या गळ्यात गळा.
पंखा घुमायला लागला, डिस्क भरत आली,
मुर्तजानं चहा खाली ठेवून बटण दाबलं.

आणि ज्यांना नावच नाही,
पाच हजार तीनशे अकरा ओळी, रकाना कोरा,
त्यांतली एकही दुसरीला भेटली नव्हती.
कोरं बरोबर कोरं? विचारून पाहिलं.
यंत्र हो म्हणेना, नाहीही म्हणेना.
ठाऊक नाही, एवढंच.

त्यांत एक ओळ, एकशे अठरा मीटर,
रामबागेच्या मागून नारायण बागेकडे निघणारी.
दातेकाकूंचा बोळ म्हणायचो आम्ही.
दाते एक्क्याण्णव साली पुण्याला गेले.
सायकल तिथून काढली की
शाळेची दुसरी घंटा गाठता यायची.
रकाना उघडला, 'दा' लिहिला,
आणि खोडला.
चाचणीच्या मध्येच डेटा बदलायचा नसतो,
कालचा आकडा आजच्याशेजारी ठेवता येत नाही मग.

अहवालात गेलं: दहा फेऱ्या, मधला आकडा एकेचाळीस पूर्णांक दोन.
इंडेक्स घातल्यावर शून्य पूर्णांक नऊ.
बेंगळुरूहून अंगठा आला.

साडेदहाला निघाले. पाटणीपुऱ्याला खोदून ठेवलेलं,
मालवा मिलवरून वळसा,
आणि रामबागेपाशी स्कूटर न विचारता आत वळली.
बोळात दिवा नव्हता, एक कुत्रं उठून बाजूला झालं.
किती सेकंद लागले
बघायचं राहिलं.