उठाव

हा शब्द पहिल्यांदा ऐकला ससून डॉकवर.
"आज बोंबलाला उठाव नाय गो,"
धाकलीबाय बर्फात हात खुपसून म्हणाली,
आणि मला वाटलं, मासे झोपलेत,
कुणीतरी त्यांना हाक मारायला हवी.

शाळेत तो इतिहासाच्या तासाला आला.
सत्तावन्नचा उठाव, कारणे लिहा, गुण सहा.
नाविकांच्या उठावाला गुण दोनच,
जरी तो आमच्या घरापासून
चालत वीस मिनिटांवर झाला होता
आणि आजोबांनी त्या दिवशी
खानावळीची फळी उघडलीच नव्हती.

नानांचा उठाव वेगळा.
काळाचौकीची शेड, पाटावर ओली शाडू,
तिच्यावर उजवा अंगठा.
"आकृती वर काढायची नसते, मागचं खाली दाबायचं,
ती येते आपोआप."
उथळ उठाव म्हणजे नाण्यावरचं डोकं.
खोल उठाव म्हणजे भिंतीतून मूठ इतकी बाहेर येते
की कुणीतरी तिला छत्री अडकवतं.

अडकवलीच.
फोर्टात, विमा कंपनीच्या जिन्याशी,
नानांनी सिमेंटात ओतलेल्या हमालांच्या रांगेतल्या
तिसऱ्याच्या मुठीला
शिपाई रोज छत्री टांगायचा.
नाना रागावतील म्हणून मी घाबरले.
"म्हणजे धरतोय तो," एवढंच म्हणाले.

आई दुकानात पदर खांद्यावर टाकून
आरशाला विचारायची, याला उठाव आहे का?
बहुतेक वेळा नसायचा.
बावीस वर्षं तिने शाडूने कडक झालेल्या विजारी घासल्या
आणि एका दुपारी, तांदूळ निवडता निवडता,
"उद्यापासून मी टायपिंगला जाणार."
विचारलं नाही. सांगितलं.
नाना बराच वेळ गप्प.
मग उठून त्यांनी स्वतःच्या चहाचं आधण ठेवलं.
साखर कुठे असते ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मागच्या मंगळवारी कंपनीची इमारत पाडायला घेतली.
मुकादम मोईनच्या कागदावर लिहिलेलं:
राडारोडा उठाव – नऊ गाड्या.
मी भिंत दाखवली.
त्याने समोरून टॉर्च मारला.
भिंत सपाट. थोडी ओल, थोडे पोपडे.
"यात काय आहे, मॅडम?"

थांबा, म्हटलं. पाच वाजू द्या.
आम्ही सिमेंटच्या गोणीवर बसलो.
त्याने मला अर्धं केळं दिलं.

पाच वाजून गेले,
तुटक्या खिडकीतून ऊन तिरकं शिरलं,
आणि आधी खांदे आले,
मग पोती,
मग मानेवरची ती शीर, जी नानांनी
तीनदा मोडून चौथ्यांदा केली होती.
मोईन काही बोलला नाही.
त्याच्या एका पोऱ्याने जाता जाता
डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढलं
आणि न बघताच
तिसऱ्याच्या मुठीला अडकवलं.

भिंत राहील की जाईल
ते मोईनच्या हातात नाही, माझ्याही नाही.
त्याने फक्त कानामागची पेन्सिल काढली,
नऊ खोडलं,
आणि त्या जागी अजून काही लिहिलेलं नाही.