पंच्याऐंशी सेंटिमीटर

इतवारीत, निखाऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानात,
उजवा हात खांद्याइतका उचलून मी उभी राहिले
तेव्हा गिऱ्हाइकं थोडी मागे सरकली.
हातात त्यांचीच लाकडी पट्टी होती.
पिस्तूल घरी, कुलपात.
भर बाजारात ते काढून मापं घेता येत नाहीत.

"नेमकं काय पाह्याचं हाय जी तुमाले?"
मी म्हटलं, पट्टीचं टोक.
"आन् थे समोरचं कॅलेंडर?"
ते नाही दिसलं तरी चालेल.
"चालंल?"
पुसटच हवं, खरं तर.
चाळीस वर्षं लोकांना दूरचं दाखवत आलेला माणूस
काही वेळ माझ्याकडे नुसता बघत राहिला.
मग शेजारच्या शिंप्याकडून फीत मागवली,
डोळ्याच्या कोपऱ्यापासून पट्टीच्या टोकापर्यंत धरली.
पंच्याऐंशी.
चिठ्ठीवर आकडा लिहून खाली दोन रेघा मारल्या.

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी माशी हरवली होती.
नळीच्या टोकावरची, काळी, चौकोनी,
जिच्या कडा ब्लेडनं कापल्यासारख्या लागतात,
ती लोकर सुटल्यासारखी दिसायला लागली.
मी दोष दिला कूलरला, ट्यूबलाइटला, मे महिन्याला,
मुठीच्या लाकडाला, ते घामानं फुगतं म्हणून.
रहांगडाले सर म्हणाले, वय.
एवढंच,
आणि पुढच्या पोराच्या कोपराकडे वळले.

चष्मा कसला, तारेचा सांगाडा.
एक गोल भिंग, चार स्क्रू,
पुढे पत्र्याची चकती, तिचं भोक
फिरवून मुगाएवढं करता येतं, मग मोहरीएवढं.
डाव्या डोळ्यापुढे आडोसा.
तो डोळा मिटायचा नाही;
एक मिटला की दुसऱ्याच्याही कपाळाला आठ्या.
आडोसा काळा नको. उजेड येऊ द्यायचा, चित्र नाही.
मी तो संत्राबर्फीच्या डब्याच्या झाकणातून कापला,
जेमतेम दीड बोट रुंद.
दोन दिवस डावीकडून वास येत राहिला.

मानेवाड्यात, बंद पडलेल्या छापखान्याचा हॉल.
वाळ्याचा ओला वास, त्याखाली अजून थोडी शाई.
दहा मीटरवर कागद,
कागदावरचं काळं आता पिकल्या जांभळासारखं
कडेला पसरलेलं,
त्याच्याखाली पांढऱ्याची फट,
आणि फटीत माझी माशी,
बोट कापेल अशी.
मन लगेच म्हणतं, काळ्याकडे बघ, छर्रा तिकडे जायचाय.
डोळा पळतो.
सात. डावीकडे, खाली.
पुन्हा.
जिथे पोचायचंय तिकडे बघू नकोस,
हे मला घरी कुणी सांगितलं नव्हतं,
बँकेत तर नाहीच.
पुन्हा. श्वास अर्धा सोडून.
नऊ.
दहा, काठावरचा.
मग परत सात, कारण त्या दहाचाच विचार.

एका संध्याकाळी तशीच बाहेर पडले,
सांगाडा नाकावर विसरून.
ई-रिक्षावाल्यानं मान तिरकी केली,
"मोतीबिंदू काहाडला काय जी?"
मी हो म्हटलं.
साठ छर्रे झाले होते, समजावायला त्राण नव्हतं.
चौक विरघळलेला, पाट्या फुगलेल्या,
सिग्नलचा लाल भिजलेल्या कुंकवासारखा,
आणि समोरचा दांडा धरलेला माझा हात तेवढा
स्वच्छ.
नखाखाली शिशाची करडी रेघ,
करंगळीशी फोडणीचा जुना डाग,
मनगटाजवळ एक शीर, ही कधी वर आली?
वीस वर्षं मी या हाताच्या पलीकडेच बघत होते,
तो मधे येतोय म्हणून थोडी चिडून.
खड्डा आला. सगळे हलले.
तो किंचित उशिरा हलला,
घरी पोचलेल्या माणसासारखा.

"उतरा जी, आलं."
पाटी त्याला दिसत होती.